थंडी आणि अंधार : दुर्गम शीत प्रदेशातील सौरवीज-नियोजनाचा आढावा

विजेच्या तारा जिथवर पोहोचलेल्या नाहीत आणि बर्फ पडू लागले की रस्ताही काही काळ बंद होतो, अशा थंड मुलखातील एकट्यादुकट्या घराला वर्षभर सौरविजेवर कसे चालवावे, हा प्रश्न वरवर पाहता विद्युत अभियांत्रिकीचा वाटतो. परंतु त्यात हवामान, वास्तुरचना, रसायनशास्त्र आणि वाहतूक या सर्वांचा गुंता आहे. या गुंत्यात पहिली गफलत शब्दांपाशीच होते. ‘थंड प्रदेश’ म्हटले की कडाक्याची थंडी आणि हिवाळ्यातला अंधार या दोन्ही गोष्टी एकाच श्वासात गृहीत धरल्या जातात, वास्तविक त्या दोन वेगळ्या अडचणी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. सौर पॅनेलला थंडी मानवते, अंधार मानवत नाही; बॅटरीला अंधाराची फिकीर नसते, पण थंडी सोसत नाही. आपल्या जागेला यांपैकी कोणती अडचण किती प्रमाणात आहे हे ठरवल्याशिवाय केलेले कोणतेही नियोजन अंदाजपंचे ठरते.

या दृष्टीने लडाख हे विचाराला सर्वांत सोयीचे उदाहरण आहे, कारण तेथे थंडी आहे, पण अंधार नाही. सुमारे ३,५०० मीटर उंचीवरचे लेह हिवाळ्यात रात्री शून्याखाली दहा-पंधरा अंशांपर्यंत सहज उतरते आणि पूर्वेकडच्या चांगथांगच्या पठारावर त्याहूनही कडक थंडी पडते. तरीही आकाश बहुतांश दिवस निरभ्र असते. याउलट अलास्कातील फेअरबँक्स किंवा नॉर्वेतील ट्रॉम्सो येथे थंडीला अंधाराचीही जोड आहे. प्रस्तुत आढाव्यात लडाखमधील लहान घर किंवा निवारा हे मुख्य उदाहरण धरले असून उत्तरेकडील प्रदेशांचा उल्लेख तुलनेपुरता केला आहे.

ऊन किती आणि कधी

एखाद्या ठिकाणी मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून किती उंच चढतो, हे त्या ठिकाणच्या अक्षांशावरून काढता येते. हिवाळ्यातील सर्वांत लहान दिवशी, म्हणजे २१-२२ डिसेंबरला, ९० मधून अक्षांश आणि आणखी सुमारे साडेतेवीस अंश वजा केले की ही उंची मिळते. पुण्यात ती सुमारे ४८ अंश, लेहला सुमारे ३२ अंश, तर फेअरबँक्सला जेमतेम दीड-दोन अंश भरते. त्या दिवशी लेहमध्ये पावणेदहा तासांच्या आसपास दिवस असतो, फेअरबँक्सला तो पावणेचार तासांचाही नसतो आणि ट्रॉम्सोत नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. म्हणून लेहमध्ये डिसेंबर हा काटकसरीचा महिना आहे, तर ट्रॉम्सोत तो सौरविजेच्या दृष्टीने हिशोबातच धरता येत नाही. तेथे कितीही पॅनेले लावली तरी शून्याला कितीने गुणले याला अर्थ उरत नाही.

उपलब्ध उन्हाचे मोजमाप ‘पूर्ण उन्हाचे तास’ या एककात करण्याचा प्रघात आहे. दर चौरस मीटरला १,००० वॅट इतके प्रखर ऊन एक तास पडले, तर तो एक पूर्ण तास धरला जातो आणि सकाळ-संध्याकाळचे मंद ऊन याच मापात रूपांतरित करून मिळवले जाते. भारतात अशा मोजमापांचा पाया घालण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या पुणे येथील उपकरण विभागात काम सुरू केलेल्या अण्णा मणी यांनी १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या निमित्ताने देशभर सौरप्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभारले आणि १९८० साली भारतातील सौरप्रारणाच्या आकडेवारीची पुस्तिका सिद्ध केली. आता उपग्रहांवरून काढलेली आकडेवारी युरोपीय संघाच्या ‘पीव्हीजीआयएस’ किंवा अमेरिकेच्या ‘पीव्हीवॉट्स’ यांसारख्या साधनांतून महिनावार मिळते.

मात्र या आकडेवारीतील वार्षिक सरासरी हा नियोजनातील सर्वांत फसवा आकडा आहे. शहरातल्या छतावरील यंत्रणेला सरासरी चालते, कारण जूनमधली जास्तीची वीज वीजवितरणाच्या जाळ्यात सोडून डिसेंबरात परत घेता येते. एकाकी घराला असे उसने देणारे कोणी नसते आणि बॅटरी दिवसांची साठवण करते, ऋतूंची नव्हे. म्हणून सर्वांत कमी उन्हाचा महिना, आणि त्यातही लागोपाठ ढगाळ दिवसांचा काळ, हाच हिशोबाचा पाया धरावा लागतो. शिवाय उपग्रहाला प्रदेश दिसतो, पण अंगणात पडणारी डोंगराची सावली नेमकी दिसतेच असे नाही. सूर्य मध्यान्हीही ३२ अंशांवर असेल, तर अरुंद दरीतील गावाला दक्षिणेकडची कडा दिवसाचे कित्येक तास झाकून टाकू शकते. हिवाळ्यातल्या एका स्वच्छ दिवशी जागेवर ऊन केव्हा येते आणि केव्हा जाते याची घड्याळ लावून केलेली नोंद म्हणूनच कोणत्याही कोष्टकाइतकी मोलाची असते.

गरजेचा हिशोब

उन्हानंतर गरज मोजावयाची. येथे वॅट आणि वॅट-तास यांतील भेद ध्यानात ठेवावा लागतो: वॅट हा वीज खर्च होण्याचा वेग आहे, वॅट-तास ही खर्च झालेली वीज आहे आणि १,००० वॅट-तासांनाच वीजबिलाच्या भाषेत एक युनिट म्हणतात. उदाहरणादाखल चांगथांगमधील एका दोन खोल्यांच्या घराची हिवाळ्यातील गरज मांडून पाहता येईल. प्रत्येकी ७ वॅटचे चार दिवे पाच तास जळले तर १४० वॅट-तास, ६० वॅटचा लॅपटॉप तीन तास चालला तर १८०, फोनच्या चार्जिंगला सुमारे ४५, १२० वॅटचा छोटा पंप अर्धा तास चालवला तर ६० आणि जेमतेम १० वॅट घेणारे संपर्काचे यंत्र चोवीस तास चालू राहिले तर २४०. ही बेरीज ६६५ वॅट-तास होते. दहा वॅटचे यंत्र सर्व दिव्यांहून अधिक वीज खाते, हे या यादीतून प्रथमच नजरेस येते. जे क्षुल्लक असून सतत चालते, तेच अशा घरात महाग पडते.

याच नियमात बसणारे आणखी एक यंत्र यादीत सहसा लिहिलेच जात नाही, ते म्हणजे खुद्द इन्व्हर्टर. बॅटरीतील एकदिश वीज घरगुती उपकरणांना लागणाऱ्या २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेत बदलणारे हे यंत्र काहीही जोडलेले नसतानाही स्वतःपुरती वीज घेत राहते. ही निष्क्रिय खपत १५ वॅट धरली, तरी चोवीस तासांत ३६० वॅट-तास होतात, म्हणजे चारही दिव्यांच्या अडीचपट. दिवे व संपर्काचे यंत्र थेट एकदिश विजेवर घेऊन इन्व्हर्टर दिवसाला चारच तास चालू ठेवला, तर हा खर्च ६० वर येतो आणि एकूण गरज १,०२५ ऐवजी ७२५ वॅट-तास राहते. एक बटण वेळेवर बंद केल्याने एका पॅनेलचा खर्च वाचतो असा याचा अर्थ आहे.

गरज ७२५ वॅट-तास, सर्वांत वाईट महिन्यातील ऊन चार पूर्ण तास आणि तारा, बॅटरी, धूळ, बर्फ यांतील सर्व घट धरून यंत्रणेची कार्यक्षमता ७० टक्के मानली, तर भागाकाराने सुमारे २६० वॅटची पॅनेले पुरतात असे उत्तर येते. हे उत्तर गणिताने बरोबर आणि व्यवहाराने चूक आहे. २६० वॅटची पॅनेले रोजचा खर्च रोज भागवतात, परंतु तीन दिवस ढग राहून बॅटरी रिकामी झाली, तर ती पुन्हा भरण्यासाठी शिल्लक काहीच राहत नाही. पॅनेले ४०० वॅटची असतील तर रोज सुमारे ३९५ वॅट-तास उरतात आणि तीन दिवसांची तूट भरून यायला साडेपाच दिवस लागतात. ६०० वॅटची असतील तर अडीच दिवसांच्या आत बॅटरी पूर्ववत होते. बॅटरी किती दिवस पुरेल हे सर्वजण विचारतात. ती किती दिवसांत सावरेल हे विचारणारा नियोजक विरळा असतो, आणि हिवाळ्यात अडते ते नेमके याच प्रश्नापाशी.

उष्णता विजेकडून मागू नये

वरील यादीत खोली तापवण्याचे साधन नाही, आणि ते मुद्दामच नाही. दीड हजार वॅटचा हीटर दहा तास चालवला तर १५ युनिटे लागतात, म्हणजे उरलेल्या सर्व गरजेच्या वीसपट. हा एक आकडा यादीत शिरला की यंत्रणा घराच्या आवाक्याबाहेर जाते. म्हणून अशा घरांच्या नियोजनातील पहिला पैसा पॅनेलावर न घालता भिंती, छप्पर आणि खिडक्या यांच्या उष्णतारोधनावर घालावा, हा सिद्धांत आता सर्वमान्य झाला आहे.

उन्हाची उष्णता विजेत न बदलता थेट घरात साठवण्याची पद्धत लडाखमध्ये चांगली रुजली आहे. दक्षिणाभिमुख जाड भिंतीला बाहेरून काळा रंग देऊन तिच्यापुढे थोडी पोकळी सोडून काच बसवली, की दिवसभर तापलेली भिंत रात्री खोलीत उष्णता सोडत राहते. या रचनेचे तत्त्व एडवर्ड मोर्स यांनी १८८१ साली अमेरिकेत पेटंट करून घेतले होते. परंतु फ्रान्समधील ओदेयो येथे फेलिक्स त्रोंब आणि वास्तुविशारद जाक मिशेल यांनी १९६० च्या दशकात बांधलेल्या घरांमुळे ती ‘त्रोंब भिंत’ या नावाने ओळखली जाऊ लागली. लडाखमध्ये १९८३ साली स्थापन झालेल्या लडाख इकॉलॉजिकल डेव्हलपमेंट ग्रुपने अशा रचनांचा प्रसार केला, आणि १९८८ साली स्थापन झालेल्या ‘सेकमॉल’ या शैक्षणिक चळवळीचा फे गावाजवळचा मातीच्या भिंतींचा परिसर मुख्यतः उन्हाच्याच उष्णतेवर हिवाळा काढतो. या चळवळीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या सोनम वांगचुक यांनी २०२१ साली सैनिकांसाठी उन्हाने तापणारा तंबू सादर केला, त्यामागेही दिवसा उष्णता साठवून रात्री वापरण्याचे हेच तत्त्व होते. ढगाळ दिवसांसाठी लाकूड, शेणी किंवा केरोसीनवर चालणारी बुखारी ही शेगडी राहतेच. मात्र घट्ट बंद केलेल्या खोलीत ज्वलनातून निर्माण होणारा कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असल्यामुळे धुराड्याची आणि हवा खेळती ठेवण्याची व्यवस्था हा येथे प्राणरक्षणाचा विषय ठरतो.

पॅनेल : थंडीचा लाभ आणि त्यातील धोका

पॅनेलवर छापलेली क्षमता २५ अंश सेल्सिअस तापमानाला मोजलेली असते. सिलिकॉनच्या पॅनेलचे उत्पादन त्याहून वरच्या दर अंशाला सुमारे ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते आणि खाली आल्यास तितकेच वाढते. विदर्भातील एप्रिलच्या दुपारी ६५ अंशांपर्यंत तापलेले पॅनेल आपल्या क्षमतेतील १२ ते १६ टक्के गमावते, तर लडाखमधील उणे पंधरा अंशांच्या हवेत तेच पॅनेल उन्हाने तापूनही दहा अंशांच्या आसपास राहिले, तर छापील क्षमतेपेक्षा थोडे अधिकच देते. त्यात विरळ, स्वच्छ हवेमुळे ऊन प्रखर असते आणि ताजा बर्फ पडलेल्या उन्हापैकी ८० टक्क्यांहून अधिक परावर्तित करीत असल्याने समोरच्या जमिनीवरूनही प्रकाश मिळतो. दोन्ही बाजूंनी प्रकाश घेणारी पॅनेले अशा जागी विशेष फलदायी ठरतात.

हा लाभ ज्या कारणाने होतो, त्याच कारणाने यंत्रणा जळूही शकते. थंडीत पॅनेलचा व्होल्टदाब वाढतो. समजा, प्रत्येकी ४६ व्होल्टची तीन पॅनेले एकापुढे एक जोडून १३८ व्होल्टची माळ केली आणि तिला बॅटरीकडे जाणाऱ्या विजेचे नियमन करणारा, पण १५० व्होल्टपर्यंतच सहन करणारा चार्ज कंट्रोलर लावला. पुण्यात ही जोडणी वर्षानुवर्षे निर्धोक चालेल. परंतु उणे २५ अंशांना, दर अंशाला ०.३ टक्के या हिशोबाने, दाब १५ टक्क्यांनी वाढून सुमारे १५९ व्होल्ट होतो, आणि रात्रभर गारठलेल्या पॅनेलांवर पहाटेचे पहिले ऊन पडते त्या क्षणी कंट्रोलर निकामी होतो. म्हणून माळेतील पॅनेलांची संख्या त्या जागेच्या नोंदलेल्या नीचतम तापमानावरूनच ठरवावी लागते. पॅनेलमधून मिळू शकणारी कमाल शक्ती सतत शोधत राहणारा एमपीपीटी प्रकारचा कंट्रोलर हा वाढीव दाब वाया न घालवता बॅटरीत उतरवतो, त्यामुळे थंड प्रदेशात साध्या कंट्रोलरपेक्षा तो अधिक किफायतशीर पडतो.

पॅनेलचा कल हिवाळ्याच्या सूर्याला अनुसरून ठेवावा. लेहमध्ये डिसेंबरातील मध्यान्हीचे ऊन लंबरूप पडण्यासाठी पॅनेल जमिनीशी सुमारे ५८ अंशांचा कोन करून उभे राहावे लागते. या तीव्र कलाचा दुसरा फायदा म्हणजे बर्फ त्यावरून घसरून जातो. त्याहून उत्तरेकडे पॅनेले भिंतीवर सरळ उभी लावण्याचीच पद्धत पडली आहे. उन्हाळ्यात या कलामुळे उत्पादन घटते, पण उन्हाळ्यात विजेची वाण नसते. घसरलेला बर्फ साचण्यासाठी पॅनेलच्या खालच्या कडेपासून जमिनीपर्यंत पुरेशी उंची सोडावी लागते. पॅनेलच्या आतील पेशी सामान्यतः तीन गटांत लांबीच्या दिशेने जोडलेल्या असतात. पॅनेल आडवे बसवल्यास तळाशी अडकलेला बर्फ एकाच गटाला झाकतो, उभे बसवल्यास तीनही गटांना थोडाथोडा झाकून संपूर्ण उत्पादन थांबवू शकतो. अर्ध्या पेशींच्या नव्या पॅनेलांत ही जोडणी वेगळी असल्याने खरेदीपूर्वी ती तपासून घ्यावी लागते. साचलेला बर्फ मऊ झाडूने लोटावा, फावड्याने खरवडू नये. काच शाबूत दिसली तरी आतील पेशींना सूक्ष्म तडे जाऊ शकतात.

बॅटरी : यंत्रणेचा नाजूक जीव

बॅटरीतील वीज रासायनिक क्रियेतून येते आणि थंडीत ती क्रिया मंदावते, म्हणून शीत प्रदेशातील यंत्रणा बहुधा बॅटरीपाशीच हार खाते. जुन्या व परिचित शिसे-आम्ल बॅटरीची वापरता येणारी क्षमता उणे वीस अंशांच्या आसपास निम्म्यावर येते. तिचे गोठणे मात्र तिच्या भरलेपणावर अवलंबून असते: पूर्ण भरलेल्या बॅटरीतील तीव्र आम्ल उणे साठ अंशांच्या आसपासही द्रवरूप राहू शकते, तर रिकाम्या बॅटरीतील आम्ल जवळजवळ पाण्यासारखे विरल झालेले असल्याने उणे आठ-दहा अंशांनाच गोठून डबा फोडू शकते. जी बॅटरी रिकामी होऊ दिली जाते, तीच मरते. गारठलेल्या शिसे-आम्ल बॅटरीला चार्ज करताना दाबही थोडा अधिक द्यावा लागतो, म्हणून कंट्रोलरला तापमापक जोडलेला असणे आवश्यक असते. शिवाय चार्जिंगच्या वेळी निघणारा हायड्रोजन स्फोटक असल्याने ती जागा हवेशीर ठेवावी लागते.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी वजनाने हलकी आणि दीर्घायुषी असते व तिच्या क्षमतेचा ८० टक्क्यांहून अधिक भाग वापरता येतो, हे गुण डोंगराळ वाहतुकीत फार मोलाचे आहेत. तिची खोड निराळी आहे: शून्याखालीही ती वीज देऊ शकते, परंतु शून्याखाली तिला चार्ज केल्यास लिथियम आतील ग्रॅफाइटमध्ये न शिरता त्याच्या पृष्ठभागावर धातुरूपाने साचते आणि बॅटरी कायमची दुबळी होते. चांगल्या बॅटरीतील संरक्षक मंडल अशा वेळी चार्जिंग बंद करते. त्यामुळे एक चमत्कारिक कोंडी निर्माण होते: बाहेर लख्ख ऊन, पॅनेले भरभरून वीज देत आहेत, बॅटरी रिकामी आहे आणि तरीही रात्रभर गारठल्यामुळे ती दुपारपर्यंत एक कणही वीज स्वीकारत नाही. यावर बॅटरीला लावलेली तापपट्टी पॅनेलांच्या विजेवर आधी चालवणे हा एक उपाय आहे. परंतु बॅटरी मुळातच राहत्या घराच्या आत, उष्णतारोधक पेटीत, थंड फरशीपासून लाकडी फळीने अलग करून ठेवणे हा त्याहून सोपा व स्वस्त उपाय आहे. बॅटरीची जागा घराच्या आराखड्यातच ठरवावी, बाहेरच्या पडवीत उरलेली जागा तिला देऊ नये, हे तत्त्व येथून निघते.

आधीच्या उदाहरणातील घराला तीन दिवसांचा साठा हवा असेल, तर २,१७५ वॅट-तास प्रत्यक्ष हाती यावे लागतात. उबदार जागी ठेवलेल्या लिथियम बॅटरीचा ८० टक्के वापर धरला तर सुमारे २.७ युनिटांची बॅटरी पुरते. शिसे-आम्ल बॅटरी आयुष्य टिकवण्यासाठी निम्मीच वापरावयाची आणि थंडीने तिची क्षमता ७० टक्क्यांवर येईल असे धरावयाचे, तर ६.२ युनिटांची, म्हणजे २४ व्होल्टची सुमारे २६० अँपिअर-तासांची बॅटरी लागते. खरेदीच्या किमतींची तुलना करताना हा सव्वादोन पटींचा फरक आणि घाटातून वाहून न्यावे लागणारे वजन हिशोबात घ्यावे लागते.

तारा, उंची आणि पूरक स्रोत

उंचीवरील विरळ हवा केवळ माणसालाच दमवत नाही. ३,५०० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे सत्तर टक्के असल्याने इन्व्हर्टर नीट थंड होत नाहीत आणि विशिष्ट उंचीनंतर त्यांची क्षमता कमी धरावी, अशी सूचना उत्पादकांच्या माहितीपत्रकांत असते. याच कारणाने पवनचक्कीलाही त्याच वाऱ्यातून सखल भागापेक्षा कमी शक्ती मिळते. साध्या प्लॅस्टिकची वेष्टने कडक थंडीत ठिसूळ होऊन चिरतात, म्हणून थंडी व अतिनील किरणे सोसणाऱ्या सौर केबलीच वापराव्या लागतात. बारा व्होल्टऐवजी चोवीस व्होल्टची मांडणी केल्यास तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह निम्मा लागतो आणि त्याच तारेतील घट एकचतुर्थांशावर येते. पॅनेले घरापासून दूर उन्हात लावावी लागत असतील, तर हा फरक निर्णायक ठरतो. कोरड्या, खडकाळ व गोठलेल्या जमिनीत अर्थिंग चांगले मिळत नाही, त्यामुळे ते उन्हाळ्यात एकदा करून न सोडता हिवाळ्यातही तपासावे लागते.

सौरविजेला पूरक म्हणून ओढ्यावरील लहान जलविद्युत यंत्र उत्तम, पण नेमक्या गरजेच्या महिन्यांत ओढाच गोठतो. डिझेल जनित्र भरवशाचे वाटते, पण साधे डिझेल थंडीत घट्ट होते. याच अडचणीसाठी इंडियन ऑइलने २०१९ साली लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल बाजारात आणले. तरीही लहान जनित्राला गौण मानू नये. वर्षातील मोजक्या वाईट दिवसांसाठी पॅनेले व बॅटरी दुप्पट करण्यापेक्षा त्या दिवसांत काही तास जनित्र चालवणे बहुधा स्वस्त पडते, आणि ध्रुवीय रात्रीच्या प्रदेशात तर कोणता ना कोणता दुसरा स्रोत अपरिहार्यच असतो.

प्रत्यक्ष अनुभवाची साक्ष

मोठ्या प्रमाणावर केलेले काही प्रयोग लहान घरालाही मार्गदर्शक आहेत. लडाखमधील हानले येथे सुमारे ४,५०० मीटर उंचीवर भारतीय खगोलभौतिकी संस्थेची वेधशाळा आहे. तेथील दोन मीटर व्यासाची दुर्बीण बंगळूरजवळच्या होसकोटे येथून उपग्रहामार्फत चालवली जाते आणि या दुर्गम केंद्राने सौरविजेचा आधार घेतला आहे. थंडीपेक्षा निरभ्र आकाश महत्त्वाचे, हा निकष दुर्बिणीला आणि पॅनेलाला सारखाच लागू पडतो. स्वित्झर्लंडमध्ये २,८८३ मीटर उंचीवर झुरिकच्या तंत्रविद्यापीठाच्या सहभागाने २००९ साली उभा राहिलेला मोंटे रोझा गिर्यारोहक-निवारा आपल्या दक्षिणेकडील भिंतीलाच पॅनेल बनवतो. ऊर्जेची सुमारे ९० टक्के गरज जागेवर भागवणे हे त्याचे उद्दिष्ट होते, शंभर टक्के नव्हे. अंटार्क्टिकावर त्याच वर्षी सुरू झालेले बेल्जियमचे प्रिन्सेस एलिझाबेथ संशोधन केंद्र सौर आणि पवन या दोन्ही स्रोतांवर चालते, आणि मुळात ते उन्हाळी केंद्र आहे. अंधाराच्या महिन्यांत तेथे माणसे राहत नाहीत. नॉर्वेतील हजारो डोंगरी कुट्यांनी घरासारखी पूर्ण वीज असावी हा आग्रह सोडून दिवे आणि रेडिओ यांपुरती बारा व्होल्टची छोटी पॅनेले लावली, तीही याच शहाणपणाची साक्ष आहे. या सर्व उदाहरणांत यश मिळाले ते गरजेला मर्यादा घातल्यामुळे: कोठे शेवटचे दहा टक्के सोडून दिले, कोठे अंधाराचा ऋतू सोडून दिला, तर कोठे दिव्यांपलीकडची उपकरणे सोडून दिली.

दुर्गमतेची किंमत देखभालीत मोजावी लागते. सोनमर्ग आणि द्रास यांच्यामधला झोजी ला घाट बर्फाने बंद असताना एखादा फ्यूज किंवा कंट्रोलर बिघडला, तर रस्त्याने दुरुस्ती येण्यास आठवडे लागू शकतात. म्हणून एका मोठ्या यंत्रणेपेक्षा परस्परांपासून स्वतंत्र चालू शकणाऱ्या दोन लहान शाखा ठेवणे, जादा कंट्रोलर व फ्यूज घरातच बाळगणे आणि स्थानिक माणसाला दुरुस्ती शिकवणे हे कार्यक्षमतेच्या एकदोन टक्क्यांपेक्षा श्रेयस्कर असते. लिथियम बॅटरीचा दाब रिकामी होत येईपर्यंत जवळजवळ स्थिर राहत असल्यामुळे तो पाहून साठा ओळखता येत नाही. आत गेलेली व बाहेर आलेली वीज मोजणारा छोटा मापक बसवणे म्हणूनच अगत्याचे आहे. हिवाळ्यात घर बंद राहणार असेल, तर शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण भरून आणि लिथियम बॅटरी सुमारे अर्धी भरून, भार तोडून ठेवावी, व परतल्यावर आधी खोली आणि बॅटरी उबदार करून मगच चार्जिंग सुरू करावे.

निर्णयांचा क्रम

या विषयातील बहुतेक चुका अज्ञानापेक्षा उलट्या क्रमामुळे होतात. बाजार पॅनेलपासून सुरुवात करतो, कारण पॅनेल दिसते आणि विकले जाते. मग त्याला साजेशी बॅटरी येते, मग इन्व्हर्टर येतो आणि घर तापवण्याचा प्रश्न पहिल्या हिवाळ्यात आपोआप समोर उभा राहतो. वरील विवेचनावरून निघणारा क्रम याच्या अगदी उलट आहे: आधी घराची ऊब, मग गरजेची काटछाट, मग सर्वांत वाईट पंधरवड्यातील उन्हाची मोजणी, मग बॅटरीला घरात जागा, आणि पॅनेल सर्वांत शेवटी. या क्रमाने गेल्यास लडाखसारख्या ठिकाणी थंडीची अडचण मुख्यतः भिंतींनी आणि बॅटरीच्या पेटीने सुटते, पॅनेलाला फक्त विजेचे काम उरते आणि ते त्याला थंडीत चांगलेच जमते. जेथे थंडीला अंधाराची जोड आहे, तेथे हाच क्रम नियोजकाला वेळीच सांगतो की या महिन्यांचा भार सूर्यावर टाकता येणार नाही. आणि हे डिसेंबरातल्या अंधारात कळण्याऐवजी कागदावरच्या हिशोबात कळणे हाच नियोजनाचा उपयोग आहे.